काय काय येतं तुला

"बादली उचल," सर म्हणाले.

मी उचलली. डाव्या हाताने. काठोकाठ भरलेली, लोखंडी कडीची बादली. हॉलच्या दाराशी पिण्याच्या पाण्यासाठी ठेवलेली होती. नुसती उचलून दाखवली असती तरी चाललं असतं. मी ती कमरेला लावली, वळले आणि सगळ्यांच्या मधून चालत डॉक्टरांच्या टेबलापर्यंत आणली. थेंब सांडू दिला नाही.

कोणीतरी टाळी वाजवली. मग आणखी दोघातिघांनी. मला वाटलं, कौतुक करतायत. मी हसले.

"बघा डॉक्टर," सर म्हणाले, "ही म्हणे अपंग. तुमच्या-माझ्याच्याने उचलवेल का अशी?"

हॉल हसला. डॉक्टर मान खाली घालून हसले. रांगेत बसलेली माणसंही हसली. कोणाला पाय नव्हता, कोणाला दिसत नव्हतं, तरी हसली. आणि मी पण हसत होते. मला आज जे बोचतं ते त्यांचं हसणं नाही, माझं आहे. हातात बादली धरून, दात काढून, मी माझ्याच फजितीला हसत उभी होते. कळलं तेव्हा तोंडावरचं हसू कसं पुसायचं ते समजेना. बादली कुठे ठेवायची तेही सुचेना. शेवटी मी ती परत दाराशी नेऊन ठेवली. त्यावर आणखी एकदा हसले सगळे.

हे जव्हारला झालं. एका लग्नाच्या हॉलमध्ये दाखल्याचं शिबिर होतं. डॉक्टर बाहेरून आले होते. आता अपंग म्हणत नाहीत, दिव्यांग म्हणतात. बॅनरवर तसंच मोठ्या अक्षरात लिहिलं होतं. बोलताना मात्र सगळे अपंगच म्हणत होते.

माझा उजवा हात वीटभट्टीवर गेला. साखरशेत गावाच्या वरच्या अंगाला आमचा पाडा. दिवाळी झाली की अर्धा पाडा भिवंडीकडे, वसईकडे भट्टीवर जातो. मी लग्नानंतर नवऱ्याबरोबर गेले होते. चिखल कालवायच्या यंत्रात दगड अडकला. मुकादम ओरडला, काढ. मी हात घातला. यंत्र कोणी बंद केलंच नव्हतं. तीन बोटं तिथेच राहिली. मनगट पिळून निघालं, ओल्या फडक्यासारखं. शेठने पट्टी बांधून टेम्पोत घालून घरी पाठवलं. काम पडलं होतं, म्हणून नवरा तिथेच राहिला. पुढच्या वर्षी त्याने दुसरी केली. सासूने मला सरळ सांगितलं, दोन हातांची बघून आणली होती. मी माहेरी आले.

माहेर म्हणजे आता भावाचं घर. आयस आहे, म्हणजे माझी आई, पण चूल वहिनीची. भावाच्या घरात राहायचं तर "मला जमत नाही" म्हणून चालत नाही. कोणी तोंडावर बोललं नाही, पण ते बोलायचं नसतंच. मी शिकले. नागलीची भाकर डाव्या पंज्याने थापते, परात उजव्या कोपराने अडवते. आवणीला, म्हणजे भात लावायला, डाव्या हाताने रोप खोचते, जुडी काखेत धरते. लाकडाचा भारा डोक्यावर चढवायला कोणी लागत नाही, बांधावर ठेवून खालून डोकं घालते. पहिल्या वर्षी रडत केलं. मग रडणं सुटलं. मग मला त्याचा गर्व वाटायला लागला. पाड्यावरच्या बायका आपल्या सुनांना म्हणायच्या, हिच्याकडं बघा.

मग दाखला कशाला पाहिजे होता, तर जखम वरून भरली, आतून भरली नाही. मनगटाचं हाड तिरकं बसलं आणि त्यात पू धरायला लागला. पावसात फुटतं, थंडीत सुजतं. नाशिकच्या एका डॉक्टरांनी फोटो काढून सांगितलं, आतलं सडलेलं हाड ऑपरेशन करून काढलं पाहिजे, नाहीतर ते वर चढेल आणि हात कोपरापासून काढावा लागेल. ऑपरेशन दवाखान्याच्या कार्डावर फुकट होतं. ते कार्ड रेशनकार्डावर निघतं. रेशनकार्डावर माझं नाव नाही. सासरच्यांनी कमी केलं आणि भावाने चढवलं नाही. आज नाव चढलं तर उद्या वाटा मागेल, ही त्याची भीती. पण अपंगाचा दाखला असला तर माझ्या एकटीच्या नावाचं पिवळं रेशनकार्ड निघतं, आणि त्यावर दवाखान्याचं. दाखला चाळीस टक्क्यांचा पाहिजे. त्याच्या खालचा असून नसून सारखा.

म्हणून मी आयसला घेऊन जव्हारला त्या शिबिरात गेले. डॉक्टरांनी मनगट दाबून बघितलं, राहिलेली बोटं हलवायला सांगितली. शेजारी सर बसले होते. मी त्यांना लगेच ओळखलं. आश्रमशाळेत ते आम्हाला गणित शिकवायचे. आता निवृत्त झाले आहेत, जव्हारमध्ये बंगला आहे, मुलं पुण्याला. जव्हार आणि मोखाडा, दोन्ही तालुक्यांत असली शिबिरं भरवायला मदत करतात, सगळे त्यांना मानतात. ते डॉक्टरांना म्हणाले, यांना तुमचं बोलणं कळत नाही, मी विचारतो. आणि त्यांनी विचारायला सुरुवात केली. काय काय येतं तुला?

आता हे समजून घ्या. आमच्याकडे हा प्रश्न एकाच वेळी विचारतात, पोरगी बघायला पाहुणे येतात तेव्हा. अंगणात चटई टाकतात, पाहुणे बसतात, आणि त्यातलं एखादं म्हातारं माणूस विचारतं. भाकर येते का? आवणी येते का? भारा उचलते का? पोरीने मान खाली घालून "येते" म्हणायचं. आई मागून म्हणते, सगळं येतं हो माझ्या पोरीला. "येत नाही" असं म्हणणारी पोरगी मी आमच्या पाड्यावर आजवर बघितलेली नाही. खरंच येत नसलं तरी म्हणत नाहीत. तो आई-बापाच्या अब्रूचा प्रश्न असतो.

सर विचारत गेले. भाकर येते? येते. पाणी भरतेस? भरते. डोक्यावरून? दोन हंडे. आवणी? करते. भारा? उचलते. मी मान खाली घालून एकेक "येते" म्हणत होते, आणि आयस मागून म्हणाली, "सगळं येतं हो हिला. दोन हातांच्या बायांना मागं टाकील."

मग सर म्हणाले, बादली उचल.

मी का उचलली, हे मी नंतर किती दिवस स्वतःला विचारत होते. बाकीचं आमच्या रीतीतून आलं, तोंडातून निघून गेलं. पण बादली? एवढी काही मी खुळी नाही. दाखल्याला आले होते, हात गेलाय म्हणून आले होते.

मग आठवलं. आश्रमशाळेत सरांच्या घरचं पाणी आम्ही मुली भरायचो. विहीर खाली होती, सरांची खोली वर. पाळ्या लावलेल्या असायच्या, पण माझी पाळी सारखी यायची, कारण मी दणकट. सर म्हणायचे, "तू दोन उचल. तुझ्यात ताकद आहे." ते ऐकून माझी छाती फुगायची. बाकीच्या मुली एक हंडा आणायच्या, मी दोन. सरांच्या बायकोने कधी गूळ हातावर ठेवला तर दिवसभर जीभ गोड राहायची. वर्गात गणिताचं उत्तर यायचं तेव्हा मी हात वर करायचे. एकदा सर म्हणाले, "तू खाली कर. तुझ्या कामाचं नाही हे. घरी माठ रिकामा आहे, बघ जा." मी गेले. उत्तर मला येत होतं. ते कुठलं होतं ते आता आठवत नाही, पण येत होतं एवढं आठवतं.

म्हणजे सर म्हणाले, उचल, आणि माझ्या अंगाने ऐकलं. मला विचारलंच नाही. एवढी मोठी बाई मी, नवऱ्याने टाकलेली, भट्टीवरून हात घालवून आलेली, आणि त्या माणसाने "उचल" म्हटल्याबरोबर मी पुन्हा सहावीतली पोरगी झाले. ही लाज मला बादलीच्या लाजेपेक्षा मोठी वाटते. वरून शाबासकीची वाट पण बघत होते.

दाखला मिळाला. तीस टक्क्यांच्याही आतला.

झेरॉक्सच्या दुकानात एक माणूस बसतो, जीपच्या थांब्याला लागून. कागदपत्रं करून देतो, सगळ्या पाड्यांची कामं त्याच्याकडे. तो दाखला बघून म्हणाला, "ताई, तू तिथं गेलीस कशाला? कुस्ती खेळायला? तिथं बिचारं दिसावं लागतं." त्याने मला शिकवलं. पुढचं शिबिर मोखाड्याला आहे, तिथे नव्याने तपासून घेता येईल. जुनं लुगडं नेस. केस विंचरू नकोस. हात गळ्यात अडकव, फडक्याने. कोणी काही विचारलं तर बोलायचं नाही, आईने बोलायचं. डोळ्यांत पाणी आलं तर पुसायचं नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, काही येत नाही. पाणी पिता येत नाही, जेवता येत नाही. आई भरवते. मी म्हटलं, माझा डावा हात आहे ना, मला जेवता येतं. तो म्हणाला, "तुला ऑपरेशन पाहिजे का जेवायला पाहिजे?"

आमच्याकडे बोहाडा होतो. देवांचे मुखवटे घालून लोक नाचतात. माझा बाप जिवंत असताना नरसिंहाचं सोंग घ्यायचा. सोंग डोक्यावर चढवायच्या आधी त्या मुखवट्याला हात जोडायचा, उपास धरायचा, त्या दिवशी कोणाशी भांडायचा नाही. बाया पोरांना त्याच्या पायावर घालायच्या. सोंग म्हणजे आमच्याकडे अशी गोष्ट असते. झेरॉक्सवाल्याने मला जे शिकवलं तेही सोंगच होतं, पण त्यात कोणी माझ्या पायावर पोर घालणार नव्हतं.

तरी मी ते केलं. खोटं सांगत नाही. हात ठणकला की माणूस काहीही करतो.

घरी आयसने मला भरवून बघितलं. सवय व्हायला पाहिजे, म्हणाली, नाहीतर तिथं तुझा हात आपसूक ताटाकडं जाईल. दुपारी घरात कोणी नाही बघून ती माझ्यासमोर बसली, भाकर कुस्करली आणि घास माझ्या तोंडाशी धरला. मी घेतला. तिच्या बोटांना शेण-मातीचा वास होता, मिरचीचा वास होता. लहानपणी असंच भरवलं असणार. मी एवढी मोठी होऊन तोंड उघडून बसले होते आणि तिच्याकडे बघू शकत नव्हते. ती पण माझ्याकडे बघत नव्हती, भिंतीकडे बघत होती.

तेवढ्यात भाऊ आला. दारातच थांबला. "आता भाकर पण भरवायची काय हिला?" म्हणाला.

मी उठले. कोणी काही सांगायच्या आत हंडे घेतले, एकावर एक दोन, आणि विहिरीवर गेले. भरून आणले. ओसरीत ठेवताना मुद्दाम वाजवले. तिकडे दाखल्यासाठी मला काही येता कामा नये, इकडे राहायचं तर सगळं आलं पाहिजे. मधल्या वाटेवर कुठे उभी राहू, ते मला कोणी सांगेना.

मोखाड्याचं शिबिर एका शाळेच्या वर्गात होतं. बाजाराचा दिवस, जीपमध्ये दाटी. मी झेरॉक्सवाल्याने सांगितलं तशी गेले. विरलेलं लुगडं, विस्कटलेले केस, गळ्यात फडकं. जीपमध्ये ओळखीची बाई होती. तिने विचारलं, हाताला काय झालं परत? मी खिडकीबाहेर बघत राहिले. आयसने सांगितलं, दुखतो. बाईने मला जागा दिली. माझी आयस उभीच, मला बसायला. त्या जागेवर बसताना मला वाटलं, आपण चोरी करतोय.

इथेही सरच होते. त्यांनी मला बघितलं आणि त्यांचा चेहरा खुलला. म्हणाले, "आज कशी शहाण्यासारखी आलीस."

म्हणजे त्यांना कळलं होतं. मी सोंग घेऊन आलेय हे त्यांना पहिल्या नजरेत कळलं. आणि ते खूश झाले. माझ्या कानाशी वाकून म्हणाले, मागच्या वेळी माझा नाइलाज झाला, डॉक्टरांसमोर तू स्वतःच सगळं येतं म्हणालीस, आता मी काम करून देतो, तू फक्त गप्प बस. पाठीवर हात ठेवला त्यांनी. मला रडू आलं. झेरॉक्सवाल्याने सांगितलं होतं म्हणून नाही, आपोआप आलं. मी पुसलं नाही. ते खरं होतं की सोंग होतं, मलाच कळेना.

डॉक्टर वेगळे होते, तरुण. घाईत होते. सर त्यांना म्हणाले, हिला काहीच करता येत नाही हो, म्हातारी आई भरवते. डॉक्टरांनी मान हलवली आणि लिहायला लागले. तिथेच संपलं असतं. पण त्या दिवशी शहरातून कोणी पाहुणे आले होते, शिबिराला मदत देणारे. ते बाजूच्या बाकावर बसले होते, त्यांच्यासाठी पोहे आणले होते. सरांनी एक बशी उचलली आणि आयसच्या हातात दिली.

"भरव तिला," म्हणाले. "पाहुण्यांना दिसू दे कशी परिस्थिती आहे."

एकाने मोबाइल वर धरला. आयसने बशी घेतली. तिने पोह्यांचा घास केला आणि माझ्या तोंडाशी आणला. मी तोंड मिटून होते.

"तोंड उघड," सर म्हणाले.

आणि मी उघडलं. हेही मी सांगणार. उघडलं, घास घेतला, चावला. पोह्यात शेंगदाणा होता. सगळा वर्ग बघत होता. एक बाई "अरेरे" म्हणाली. माझ्या तोंडातून दोन पोहे हनुवटीवर पडले आणि आयसने ते पदराने पुसले, मी तान्ही असल्यासारखं. त्या वेळी मला मरावंसं वाटलं नाही, असं वाटायला पण अंगात काही तरी लागतं. मी आतून रिकामी झाले होते. घास गिळला गेला.

"एकदा परत," मोबाइलवाला म्हणाला. "फोटो हलला."

सरांनी आयसला खूण केली. आयसने दुसरा घास उचलला. मी तिच्याकडे बघितलं. त्या दिवशी पहिल्यांदाच नीट बघितलं. ती सकाळी चहाच्या घोटावर निघाली होती. जीपमध्ये उभी राहून आली होती. आणि ती त्या घासाकडे बघत होती. मला भरवताना तिची नजर घासावर होती, आणि तिने आवंढा गिळला. तिला भूक लागली होती. एवढ्या सगळ्या माणसांत बशी तिच्या हातात होती आणि तू खा म्हणायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही.

मी गळ्यातलं फडकं काढलं. दातांनी गाठ सोडली, डाव्या हाताने ओढलं. तिच्या हातातली बशी घेतली, तिच्यासमोर बाकावर ठेवली आणि म्हटलं, "आये, तू खा. सकाळधरनं काय खाल्लं नाय तू."

सर म्हणाले, अगं काय करतेस. मी उजवा हात डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला. उघडा. मनगट सुजलेलं, तीन बोटांच्या जागी कातडीच्या गाठी, वरून पू आलेला. कागदावर ठेवला, त्यांना लिहिता येऊ नये असा.

"मला सगळं काम येतं, साहेब," मी म्हटलं. "भाकर येते, आवणी येते, दोन हंडे उचलते. ते रडून शिकलेय मी. तुम्ही हात मोजा. काम मोजू नका."

माझा आवाज मोठा आला. मला स्वतःला तो अनोळखी वाटला. डॉक्टर हाताकडे बघत राहिले. त्यांनी तो उचलला, जरा फिरवला, मी कळवळले. ते काही बोलणार होते, पण सरांनी मध्येच हात वर केला. पाहुण्यांकडे वळून ते हसत म्हणाले, या लोकांचं असंच आहे, करायला जावं तर उलटतात. मग माझ्याकडे वळले. तेव्हा हसत नव्हते.

"मग बस तशीच. कोण करतंय तुझं, बघू."

सरांकडे बघून डॉक्टर म्हणाले, हाडांचे डॉक्टर आज आलेले नाहीत, पुढच्या शिबिराला या. म्हणजे माझा हात बघायला ज्यांनी यायला पाहिजे होतं तेच तिथे नव्हते. पोहे होते, मोबाइल होता, पाहुणे होते. सरांनी पुढच्या माणसाला हाक मारली. मी हात उचलला. कागदावर पिवळा डाग राहिला. आयसने पोहे खाल्ले नव्हते. बशी तशीच होती.

परत येताना जीप अर्धी रिकामी होती. दोघींना जागा मिळाली. घाट उतरल्यावर आयस बोलली, आणि रागाने बोलली. आजवर ती माझ्यावर एवढी रागावली नव्हती.

"एक घास गिळला होतास ना? अजून एक गिळायचा. हात राहिला असता."

तिचं खरं आहे. दुसरा घास गिळला असता तर डॉक्टरांनी लिहून टाकलं असतं. पिवळं कार्ड निघालं असतं, नाशिकला ऑपरेशन झालं असतं. पोटच्या पोरीचा हात वाचावा म्हणून तिने स्वतःची लाज तिथे सोडली होती, आणि मी ती वाया घालवली. मनगटातून कळ वर कोपराकडे जाते तेव्हा तिचंच बोलणं आठवतं. मी तिला एवढंच म्हटलं की तू भुकेली होतीस. ती म्हणाली, "मी काय आज भुकेली हाय?" आणि पदर तोंडावर ओढून झोपल्यासारखं केलं.

पाड्यावर गोष्ट माझ्या आधी पोहोचली होती. भावाला कोणी सांगितलं, तुझी बहीण मोखाड्याला सरांशी भांडून आली. वहिनीने विचारलं, मग आता काय? झेरॉक्सवाल्याने तर मला बघून मान फिरवली. कोणी शाबास म्हटलं नाही, आणि मला त्याची वाट पाहावीशी वाटली नाही. हे मला नवीन होतं.

लाज गेली का? नाही. तो घास अजून माझ्या घशात आहे. मी सोंग घेऊन गेले होते, हे सगळ्या पाड्याला माहीत आहे. वाटेत बायका भेटल्या की आधी माझ्या हाताकडे बघतात आणि मग माझ्याकडे. मी ताठ मानेने चालते असं सांगितलं तर ते खोटं होईल. मी खाली बघत चालते. फक्त एक गोष्ट बदलली आहे. आधी मला माझी लाज वाटायची. आता त्या वर्गातल्या प्रत्येक माणसाला वाटायला पाहिजे तेवढी लाज मी एकटी वाहतेय, हे मला कळतं. आणि ती मी जन्मभर वाहणार नाही.

पुढचं शिबिर जव्हारला आहे. मी जाणार. विंचरून, धुतलेलं लुगडं नेसून. आयसला घरी ठेवून, पोटभर जेवून. विचारतील त्याचं खरं उत्तर देणार. येतं ते येतं. पण करून काही दाखवणार नाही. ताकद पण नाही आणि दुबळेपण पण नाही. माझी ताकद माझ्या पोटासाठी आहे, त्यांच्या पाहुण्यांसाठी नाही. दाखला मला पाहिजे. उपकार म्हणून नको, पण पाहिजेच. हात कोपरापासून गेला तर उरलेला घेऊन जाईन, तेव्हाही हेच सांगेन.

सर तिथे असणार. त्यांना काय म्हणायचं ते मी ठरवलं आहे. परवा भाताच्या खाचरात एकटी होते, वाकून तण काढत होते, तेव्हा मोठ्याने म्हणून बघितलं. "सर, तुम्ही मध्ये बोलू नका." जीभ जड झाली, शेवटचे शब्द पुटपुटल्यासारखे आले. परत म्हटलं. परत अडलं. मग कंबर सरळ केली, उभी राहिले, आणि "सर" गाळून टाकलं.

"तुम्ही मध्ये बोलू नका."

हे नीट आलं. हे मी त्यांच्या तोंडावर म्हणणार, आणि हाडांचे डॉक्टर माझा हात मोजून कागदावर लिहीत नाहीत तोवर त्या टेबलापासून हलणार नाही.